शेजारची सीट

ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं रबरी मॅट त्याने उचललं ते निव्वळ सवयीने. जुनी गाडी बघायला गेलं की मॅट उचलायचं, खालच्या कार्पेटवर तळवा दाबायचा, ओल लागते का, गाळाचा वास येतो का ते बघायचं. पाण्यात बुडालेली गाडी वरून कितीही घासूनपुसून आणली तरी तेवढ्या जागी तिला खोटं बोलता येत नाही. ओल नव्हती. वासही नव्हता. पण कार्पेटला भोक पडलेलं होतं. टाच टेकते तिथे एक वाटोळं, आणि पुढे, जिथे तळ वर चढत जाऊन इंजिनाच्या भिंतीला भिडतो तिथे, पावलाच्या पुढच्या भागाएवढं दुसरं. आतला पत्रा उघडा पडला होता आणि घासून घासून आरशासारखा गुळगुळीत झाला होता. तो गोंधळला. मान वर करून त्याने स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं, जणू आपलीच काहीतरी गफलत झाली असावी. गफलत नव्हती. चालवणाऱ्याच्या बाजूचं कार्पेट वापराच्या मानाने चांगलंच होतं. झिजलं होतं ते इकडचं, जिथे ना ब्रेक असतो ना क्लच, जिथे बसलेल्या माणसाच्या पायांना काही म्हणता काही काम नसतं. मग त्याने दाराच्या आतली मूठ खालून चाचपली. बोटांना खाचा लागल्या. वाकून बघितलं तर मुठीच्या चामड्यात नखांच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, एकीवर एक, जुन्यावर नव्या.

काय सापडलं, असं गाडी विकणाऱ्या डॉक्टरांनी मागून विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता; दातांच्या डॉक्टरांचा असतो तसा, समोरच्याने तोंड उघडून निवांत पडावं असा. तो म्हणाला, काही नाही, ओल बघतोय. आणि मॅट जिथलं तिथे नीट बसवलं.

मोडक्या गाड्या बघणं हाच त्याचा धंदा होता. विमा कंपनीच्या वतीने तो अपघातातल्या गाड्यांचं नुकसान ठरवायचा. चेपलेलं दार, आत घुसलेलं इंजिन, फुटलेल्या काचेत अडकलेले केस, या सगळ्याचा शेवटी एक आकडा करायचा आणि खाली सही ठोकायची. ऑफिसात त्याला भंगारशेठ म्हणत, आणि त्यालाही ते नाव आवडू लागलं होतं. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर दोन दारांची, नको इतक्या ताकदीची गाडी घ्यायला निघाला म्हणून घरात त्याची यथेच्छ चेष्टा झाली होती. बायको फिजिओथेरपिस्ट होती, हाडं जुळलेल्या लोकांना पुन्हा चालायला शिकवायची. ती म्हणाली होती, घे बाबा, गिऱ्हाईक वाढलं तर मला हवंच आहे. पण तिने अडवलं नव्हतं. लग्न झाल्यापासून तो बाबांच्या गाडीच्या गोष्टी सांगत आला होता आणि ही हौस कुठून आलीय हे तिला ठाऊक होतं.

बाबांची गाडी पांढरी होती. सुट्टीच्या दिवशी दुपार कलली की बाबा कधीकधी वर्तमानपत्राची घडी घालून उठायचे आणि म्हणायचे, चला, फिरून येऊ. आई पुढे, तो आणि ताई मागे. गाव संपलं की सरळ रस्ता लागायचा आणि बाबा काही न बोलता गाडी पळवायला लागायचे. काचा खाली, वारा तोंडात भरून गाल फुगायचे, ताई किंचाळून हसायची, तो पुढच्या सीटला लोंबकळून काट्याकडे बघत राहायचा. परत आल्यावर बाबा शीळ वाजवत गाडी पुसायचे. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी कुणावर हात उगारला नाही. ते गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणत होता. लहानपणातलं सुख कशाला म्हणायचं असं कुणी विचारलं असतं, तर त्याने त्या दुपारींकडे बोट दाखवलं असतं.

आणि आता त्या वाऱ्यातून आईची मान दिसू लागली. आईची मान नेहमी ताठ असायची. ती कधीच मागे वळून बघायची नाही. मुलं इतकी हसत असताना, आणि मुलांच्या हसण्यावर ती एरवी कुठूनही वळून बघायची. हे त्याला आजवर कधी खटकलं नव्हतं.

त्याने डोकं झटकलं आणि कामाला लागला. इंजिन थंड होतं. विकणाऱ्याने आधी गरम करून ठेवलेली गाडी घेऊ नये एवढं पथ्य तो पाळायचा. डॉक्टरांनी चावी फिरवली तशी ती पहिल्या झटक्यात लागली, धूर नाही, खडखड नाही, खालच्या पट्टीतली एकसारखी घरघर, पाळीव पण बांधून न ठेवलेल्या जनावराची असावी तशी. त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र दारांवरून, छपरावरून, बॉनेटवरून फिरवलं. सगळीकडे मूळ कारखान्यातला गडद निळा रंग. पत्र्यांमधल्या फटी एकसारख्या, टायर चारही एकाच वयाचे, ऑइल मधासारखं. त्याचा जीव तिच्यात अडकला होता. इतक्या वर्षांत इतकी निर्दोष गाडी त्याने पाहिली नव्हती, आणि डॉक्टर मागत होते तो आकडा बाजारभावापेक्षा जरा कमीच होता. स्वस्त गाडीत खोट शोधायची असते. इथे खोट अशा जागी होती की तिची किंमत कुठल्या रकान्यात धरायची ते त्याला समजेना. गॅरेजसुद्धा दवाखान्यासारखं होतं, पांढऱ्या फरश्या, भिंतीवर हत्यारं आकारमानाप्रमाणे टांगलेली. गाडी डॉक्टरांनी सेकंडहँड घेतलेली, पण वापरली ती मुख्यतः त्यांनीच. आता का विकताय, असं विचारल्यावर ते म्हणाले, हिची हद्द कळली मला.

डॉक्टरांची बायको कॉफी घेऊन आली. उंच, पाय थोडे ओढत चालणारी बाई. ट्रे बाकावर ठेवून ती जायला वळली तर डॉक्टर म्हणाले, थांब ना, साखर विचार त्यांना. तिने विचारलं. मग ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि गाडीकडे अजिबात न बघता त्याच्याकडे बघत राहिली, एखाद्या दुकानात आपल्या आधी रांगेत असलेल्या माणसाकडे बघावं तसं.

चक्कर मारून येऊ म्हणून डॉक्टरांनीच सुचवलं. आधी मी चालवतो, म्हणाले, गाडीत काय आहे ते कळू दे, येताना तुम्ही चालवा. तो शेजारी बसला. वस्ती होती तोवर डॉक्टर इतक्या नेमस्तपणे चालवत होते की रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी थांबले, हात हलवला. पुढे गोदामांच्या मागून जाणारा नवा रस्ता लागला, अजून दिवे न बसवलेला, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. तिथे त्यांनी पाय दाबला. पाठ सीटमध्ये रुतली. कुंपणाचे खांब वेगळे दिसेनासे झाले. पहिल्यांदा त्याला जो आनंद झाला तो खराखुरा होता, पोटातून उसळलेला, तोच लहानपणचा, तो हसलासुद्धा. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुमचा आकडा काय?"

तो म्हणाला, परत गेल्यावर बोलू.

"आत्ता बोलू," डॉक्टर म्हणाले. आवाज तसाच मऊ. रस्त्यावरची नजर हलली नाही. काटा हलला.

त्याने ठरवून आणलेला आकडा सांगितला, मागितल्यापेक्षा अर्थातच कमी. डॉक्टर काही बोलले नाहीत. गाडी फक्त आणखी पळू लागली. लांबवर एक ट्रक आडवा वळत होता, आधी काडेपेटीएवढा, मग कपाटाएवढा. त्याने आकडा वाढवला. गप्प. आणखी वाढवला. ट्रकच्या चाकांवरचे नट दिसू लागले तेव्हा त्याच्या तोंडून डॉक्टरांचा पूर्ण आकडा निघाला, वर "तुम्ही म्हणाल तसं" असंही निघालं, त्याच्या नेहमीच्या आवाजापेक्षा बारीक आवाजात. डॉक्टरांनी वेग उतरवला, हळुवारपणे, ट्रकला वाट देऊन. वेड्यासारखं चालवत नव्हते ते. हातात सगळं होतं त्यांच्या, केसभरही इकडेतिकडे नाही. घाबरवायचं तेवढंच घाबरवत होते. तेव्हा त्याला जाणवलं की आपला पाय गाडीच्या तळावर गच्च दाबलेला आहे, आणि मॅटखालच्या त्या दोन खळग्यांत तो नेमका बसला आहे.

आई टेलिफोन खात्यात होती. कानाला यंत्र लावून, दोन्ही हातांनी तारा जोडत, दिवसभर अनोळखी लोकांशी बोलायची. घरी आली की त्यांच्या नकला करायची आणि ताई आणि तो लोळून हसायचे. अशाच एका सुट्टीला सगळे फिरून आले, आणि रात्रीच्या जेवणाला आई म्हणाली, मी नोकरी सोडतेय. बाबा म्हणाले, बघा, आता आई पूर्ण वेळ तुमची. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दुपारी पुढच्या सीटवर काय बोलणं झालं होतं? वाऱ्यात मागे काही ऐकू आलं नव्हतं. आता त्याला ते ऐकू येत होतं, बाबांचा एक साधा प्रश्न, मग काही नाही, मग पुन्हा काही नाही, आणि शेवटी आईचा बारीक आवाज.

येताना त्याने चालवायला नकार दिला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, सवय होते.

गॅरेजमध्ये परतल्यावर दवाखान्यातून फोन आला म्हणून डॉक्टर आत गेले. त्यांची बायको अजून तिथेच होती, कपबश्या गोळा करत. घेताय का, तिने विचारलं. त्याने उत्तराऐवजी विचारलं, कार्पेट तुमच्या पायाने झिजलंय ना. तिने झटकन उजवा पाय चपलेत आत ओढून घेतला. म्हणाली, "मॅट मीच आणलं. बरं दिसत नव्हतं." आणि मग, दाराकडे बघत, भराभर, तिने सांगितलं की दुसरी गाडी ठरलेली आहे, ही विकली गेली की ती येणार, आणि ती हिच्यापेक्षा पुष्कळ जास्त पळते. म्हणजे त्याने ही घेतली तर तिला त्या दुसरीत बसावं लागणार, न घेतली तर हिच्यातच. आणि न घेण्याचं खापर तिच्यावर फुटणार, कारण डॉक्टर आत गेले तेव्हा ती इथे होती.

डॉक्टर रुमालाला हात पुसत बाहेर आले. ठरलं मग, म्हणाले. त्याने आयुष्यात कधी खोटा अहवाल दिला नव्हता. लोकांनी पाकिटं पुढे केली होती, रडून दाखवलं होतं, तरी दिला नव्हता. आता तो गुडघ्यावर बसला, पुढच्या चाकामागे टॉर्च मारला, पुरेसा वेळ घेतला, आणि उठून म्हणाला की सांगाडा दुमडलेला आहे. पहिल्या मालकाने कधीतरी ठोकली असणार आणि ओढून सरळ केली असणार. वरून दिसत नाही. वस्तीतल्या वेगाला काही होणार नाही, पण जोरात असताना पुढचं चाक हातातून सुटू शकतं. मी अशा गाड्या रोज बघतो, म्हणाला, त्या कापून माणसं काढावी लागतात. शेजारी कुणाला बसवू नका, आणि स्वतःही चालवू नका.

डॉक्टरांच्या ओठांचा रंग उतरला. ते गाडीपासून पाऊलभर मागे सरले. या माणसाला मरणाची भीती वाटते, आपल्या स्वतःच्या मरणाची, हे बघून त्याला बरं वाटलं. मग डॉक्टर बायकोकडे वळले आणि मायेने म्हणाले, "म्हणजे तू अगदीच उगाच घाबरत नव्हतीस."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता घड्या घालत होती, ती थांबली. म्हणाली, गाडीचा बंदोबस्त केलास, छान केलंस. तिचा काय केलास?  मग त्याने ताईला फोन केला, इकडचं तिकडचं बोलला, आणि सहज आठवल्यासारखं बाबांच्या गाडीचं काढलं. ताई लगेच खुलली. काय झोकात चालवायचे बाबा, म्हणाली. मग हसत हसत तिनेच सांगितलं, "आठवतं तुला, निघायच्या आधी आई आपल्याला स्वेटर चढवायची? भर उन्हाळ्यात, एकावर एक दोन. मला वाटायचं वारा लागू नये म्हणून." मग म्हणाली, वाऱ्यासाठी नव्हतं ना ते, आपटलो तर म्हणून. तिनेच फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस कामात वाईट गेले. यार्डात गाडी ओढून आणली की तो आधी रंग बघायचा. गडद निळा नसला की श्वास सोडायचा, आणि ज्याच्या कुणाच्या गाडीवर आपण असा श्वास सोडला त्याच्यापुढे मनातल्या मनात ओशाळायचा. प्रत्येक मोडक्या गाडीत आता तो पहिल्यांदा शेजारच्या बाजूचं मॅट उचलायचा. बहुतेकांत काही नसायचं, बडीशेपेचे दाणे, नाणं, केसांची पिन. एकीत झिजलेलं निघालं. ती गाडी त्या बाजूनेच चेपलेली होती. अहवालात अशा गोष्टीला जागा नव्हती. त्याने आकडा लिहिला आणि सही ठोकली.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होत होती आणि बायको नुकतीच कामावरून आली होती. डॉक्टरांनी आधी त्याची तब्येत विचारली. मग म्हणाले की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी उचलून धरून मापं घेतली, सांगाडा सरळ आहे, नव्यासारखा. "तुम्ही चुकलात असं म्हणत नाही मी. तुमच्यासारखा माणूस असल्या गोष्टीत चुकत नाही. म्हणून विचारतोय, ती तुम्हाला काय म्हणाली?"

तो म्हणाला, काही नाही, कॉफीचं विचारलं.

असं का, डॉक्टर म्हणाले. तीही तेच म्हणते. इतके दिवस तेच म्हणतेय. आता आम्ही जरा लांब जाऊन येतोय दोघं, वरच्या रस्त्याने, बोलायला बरं पडतं. तुम्हाला तिच्याशी बोलायचंय? आहे इथेच, गाडीपाशी उभी आहे. आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन तिच्या हातात दिला. त्याच्या मनात आलं, डॉक्टर ऐकतायत, तिच्या चेहऱ्यावरून ऐकतायत.

त्याची बायको समोर उभी होती. तिने काय चाललंय ते ओळखलं होतं आणि खुंटीवरची त्यांच्या म्हाताऱ्या गाडीची चावी काढून हातात घेतली होती. तो फोनमध्ये खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही काही बोलू नका. मी आणि माझी बायको आत्ता निघतोय तुमच्याकडे. तुम्हाला यायचं असेल तर तुम्हाला घेऊन जाऊ. तोवर त्या गाडीत बसू नका."

 तिकडे घरघर ऐकू येत होती, इंजिन चालू होतं. कोणीतरी एक दार उघडलं. आता ती हो-हो करून फोन परत देईल आणि बसेल, असं त्याला वाटलं; आईने तसंच केलं असतं. मग तिचा आवाज आला, पण फोनमध्ये नव्हे, फोनपासून तोंड दूर करून, समोरच्या माणसाला उद्देशून, चांगला मोठा आणि स्पष्ट: "हे मला न्यायला येतायत. मी यांच्याबरोबर जाणार आहे."

तिने फोन बंद केला नाही. कशावर तरी ठेवला असावा, बॉनेटवर बहुतेक, कारण घरघर एकदम जवळून येऊ लागली आणि बाकी काही ऐकू येईना. अर्ध्या वाटेपर्यंत त्याने तो कानाला धरून ठेवला होता आणि एका हाताने गाडी चालवत होता. शेवटी बायको म्हणाली, दोन्ही हातांनी चालव, आणि फोन स्वतःकडे घेतला. घरघर चालूच आहे, तिने सांगितलं. मग म्हणाली, थांबली. 

गॅरेजचं दार सताड उघडं होतं. निळी गाडी दोन्ही दारं उघडी टाकून उभी. डॉक्टर आत बसले होते, हात स्टिअरिंगवर, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत. ती फाटकाबाहेर आली होती, रस्त्याच्या कडेला, हातात कापडी पिशवी. तिला कुठे लागलेलं दिसत नव्हतं. त्याची बायको उतरली, तिला खांद्याला धरून मागे बसवलं आणि स्वतः तिच्याजवळ बसली. माझ्या भावाकडे सोडा, डॉक्टरांची बायको म्हणाली, आणि रस्ता सांगितला. डॉक्टरांनी मान वळवली नाही. शिवी नाही, हाक नाही. त्या गप्प बसण्याची त्याला इतकी भीती वाटली की पहिला गियर दोनदा चुकला.

कोपरा वळल्यावर आरशात दिवे दिसले. ते जवळ आले आणि मग मागे ठरावीक अंतरावर चिकटून राहिले. त्याला ती गाडी आतून बाहेरून ठाऊक होती. टायर चांगले होते, ब्रेक चांगले होते, इंजिन पहिल्या झटक्यात लागत होतं. अर्ध्या रस्त्यात बंद पडावी, दगा द्यावा असं तिच्यात काहीच नव्हतं, त्यानेच यंत्र लावून बघितलं होतं. आणि आपली ही खटारा उतारावरसुद्धा धापा टाकत होती. पुढे वस्ती संपत होती, मध्ये गोदामांमागचा तोच बिनदिव्यांचा रस्ता होता, दुसरी वाट नव्हती. बायको मागून म्हणाली, तो ठोकणार आहे का रे.  कुंपण सुरू झालं. तो पाय दाबू लागला, आणि गाडी थरथरली पण पळेना.

मागची बाई एकदाही वळून बघत नव्हती. पिशवी मांडीवर घेऊन ती बसली होती आणि पुढच्या रिकाम्या सीटकडे बघत होती.

"सावकाश चालवा," ती म्हणाली. "तो काही करणार नाही. शेजारी कोणी बसलेलं असल्याशिवाय त्याला जोरात चालवताच येत नाही."

त्याने पाय उचलला. आरशातले दिवे थोडा वेळ तसेच राहिले. मग हळूहळू लहान होत गेले, एके ठिकाणी रस्त्याच्या कडेला लागले, आणि तिथेच जळत राहिले.